नव्या नांवाचा विक्रय

दुकान, शाळा अथवा संस्था यांस इंटरनेटवर पत्ता म्हणून जें नांव घ्यावें लागतें, त्यास डोमेन म्हणतात, हें आतां घरांतल्या वडील मंडळीसही ठाऊक झालें आहे. परंतु तरुण मंडळी हीं नांवें वापरण्याकरितां घेतात तशीं विकण्याकरितांही घेतात, हें सर्वांस ठाऊक नसतें. नांव घेऊन महिना लोटत नाहीं तोंच गिऱ्हाईक येतें, आणि मग प्रश्न पडतो कीं, जी वस्तु हातांत धरतां येत नाहीं ती दुसऱ्यास द्यावयाची कशी?

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, डोमेनची मालकी घरादाराच्या मालकीसारखी नव्हे. १९९५ सालच्या सप्टेंबरपर्यंत ‘डॉट कॉम’चीं नांवें फुकट मिळत, त्यानंतर फी सुरू झाली. फी भरून ठराविक मुदतीपुरतें, एका वेळीं फार तर १० वर्षांकरितां, तें आपल्याकडे राहतें. विकला जातो तो या मुदतीचा हक्क, आणि त्याचा पुरावा म्हणजे रजिस्ट्रारच्या, अर्थात् नोंदणी करून देणाऱ्या कंपनीच्या, दप्तरांतील नोंद.

सगळा घोंटाळा होतो तो दोन निरनिराळ्या गोष्टी एक समजल्यामुळें. नांवाचा धारक बदलणें ही एक गोष्ट, आणि नांव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेणें ही दुसरी. ‘डॉट कॉम’सारख्या नांवांवर आयकॅन या संस्थेचे नियम चालतात, व त्यांप्रमाणें नव्या नोंदणीनंतर पहिले ६० दिवस रजिस्ट्रार दुसरीकडे नेण्यास नकार देऊं शकतो. सहसा तो देतोच. म्हणून विक्रीच करतां येत नाहीं, असें मात्र नव्हे. खरेदीदारानें त्याच रजिस्ट्रारकडे खातें उघडावें, आणि विकणाऱ्यानें आपल्या खात्यांतून त्याच्या खात्यांत नांव सरकवावें. काम कित्येकदां तासाभरांत उरकतें. मात्र धारकाचें नांव, संस्था अथवा ई-मेल बदलला कीं पुन्हां ६० दिवसांचा अडसर पडूं शकतो. तो टाळण्याची सोय कांहीं रजिस्ट्रार देतात, पण ती बदल करण्यापूर्वींच मागावी लागते.

हा अडसर लोकांस जाचक वाटतो. मला तो शहाणपणाचा वाटतो. २००५ सालच्या जानेवारींत न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीचें नांव कोणा भामट्यानें तिच्या परवानगीवांचून परदेशांतील रजिस्ट्रारकडे नेलें, आणि तिच्या गिऱ्हाइकांच्या टपालाचा खोळंबा झाला. चोरलेलें नांव जितक्या वेळां घर बदलील तितकें तें परत मिळणें कठीण. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत अस्वामिविक्रय, म्हणजे मालक नसतां केलेली विक्री, हें एक आहे. आणि क्रयविक्रयानुशय या पदाखालीं सौदा फिरविण्यास १० दिवसांची मुदतही दिली आहे. डोमेनच्या जगांत नवी नोंदणी ५ दिवसांत रद्द केल्यास फी परत मिळण्याची तरतूद होती. तिचा फायदा घेऊन कांहीं धूर्त लोक लाखों नांवें चार दिवस चाखून परत करीत. २००८-०९ मध्यें आयकॅननें फी आकारूं लागतांच तो धंदा बसला.

रजिस्ट्रार बदलतांना ऑथ कोड म्हणून एक गुप्त संकेत द्यावा लागतो. ती तिजोरीची किल्लीच समजावी. पैसे हातीं येण्यापूर्वीं ती कोणास देऊं नये, आणि खरेदीदारानेंही नांव ताब्यांत येण्यापूर्वीं पैसे सोडूं नयेत. अशा वेळीं रक्कम विश्वासू तिऱ्हाइताकडे ठेवण्याची सोय असते. तिचा खर्च कुरकुर न करतां सोसावा. करार लेखी असावा, व ६० दिवस संपेपर्यंत नूतनीकरणाची फी कोणी भरावयाची हें त्यांत स्पष्ट असावें.

दुसऱ्याच्या नांवलौकिकावर नजर ठेवून घेतलेल्या नांवाची गोष्ट निराळी. तेथें करार कितीही चोख असो, सौदा मुळांतच सडका. २००४ सालीं सत्यम इन्फोवे कंपनीच्या दाव्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें व्यापारी नांवाचें संरक्षण डोमेनलाही लागू केलें. ‘सिफी’ या नांवाशीं मिळतेंजुळतें ‘सिफीनेट’ घेणाऱ्याचा बचाव टिकला नाहीं. तसेंच, १९९९ पासूनच्या आयकॅनच्या तंटा-नियमांत, मुख्यतः चिन्हाच्या मालकासच चढ्या भावानें विकण्याकरितां केलेली नोंदणी हा दुर्हेतूचा पुरावा मानला आहे. तंटा चालू असतां नांव दुसऱ्यास देतां येत नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक धोका आहे. माझ्या परिचयाच्या एका घरांत तीन भावांच्या दुकानाचें नांव धाकट्याच्या मुलानें हौसेनें स्वतःच्या ई-मेलवर नोंदविलें. तीन आठवड्यांनीं परगांवच्या व्यापाऱ्यानें चांगली रक्कम देऊं केली. मुलगा म्हणे, फी मीं भरली, नांव माझें. थोरले काका म्हणत, पाटी आजोबांनीं लावली. दोघेही खोटें बोलत नव्हते, पण दप्तरांत एकाचेंच नांव होतें. मुलाच्या आईनें मध्यें पडून तें दुकानाच्या नांवावर करविलें, तेव्हां सौदा टळला. ज्या घरांत असें नांव घ्यावयाचें असेल, त्यांनीं पहिल्याच दिवशीं धारक म्हणून पेढीचें नांव व पेढीचाच ई-मेल लिहावा, आणि खात्याचा परवलीचा शब्द निदान दोघांपाशीं असूं द्यावा.