खर्जाचे दुखणे

हौशी वादक एकत्र जमले की चर्चा वाजविण्याची होत नाही, विकत घेण्याची होते. पाच तारांचा बेस गिटार हवा, परदेशी अ‍ॅम्प्लिफायर हवा! जळगाव जामोदच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, मागोमाग पावसाळी दमट हवा येते. अशा हवेत पत्र्याच्या छपराखाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या वाद्याची दांडी वाकणारच. तारा पडद्यांवर खडखडू लागल्या की दोष मात्र वाद्याला. वस्तुतः दांडीच्या पोटात पोलादी सळई असते. ती जेमतेम पाव फेरा फिरवावी, तारा पुन्हा सुरात लावाव्यात व एक रात्र धीर धरावा, बहुधा काम भागते. वाजवून झाल्यावर तारांवरचा घाम पुसण्यास तर छदामही लागत नाही.

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेले हे वाद्य चारच तारांचे होते. जेम्स जेमर्सन यांनी त्याच जातीच्या वाद्यावर मोटाउनची कित्येक गाणी वाजविली. तार तुटल्याखेरीज ते ती बदलीत नसत. (त्यांच्या तारा गुळगुळीत वेष्टनाच्या होत्या, हे गंजलेल्या तारा मिरविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.)

‘मिस्सेत हे वाद्य कशाला?’ हा आक्षेपही मला मान्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेस साजेशा अन्य वाद्यांना मुभा दिली आहे. साजेशा! सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. भिंतीवरच्या लहानशा ध्वनिक्षेपकाला ती पेलत नाहीत. तिथे आवाज वाढविला की गीताचे शब्दच बुडतात. नव्या वाद्यासाठी वर्गणी मागणाऱ्यांना म्हणूनच मी आधी जुने वाद्य घेऊन यायला सांगतो.