रिकाम्या वर्गातील पंखे

मुलांनो, मधल्या सुट्टीची घंटा होते, तुम्ही डबे घेऊन पटांगणाकडे धावता आणि मागे रिकाम्या वर्गात चार पंखे फिरतच राहतात. कोणासाठी बरे? बाकांना काही घाम येत नाही!

आपल्या राज्यातील बरीचशी वीज अजूनही कोळशापासून निर्माण होते. चंद्रपूरचे वीजकेंद्र त्यासाठीच प्रसिद्ध आहे. अशा एक युनिट विजेसाठी अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो आणि जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. हा वायू घोंगडीप्रमाणे पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत.

७५ वॅटचे चार पंखे रोज अर्धा तास व्यर्थ फिरले, तर शाळेच्या २०० दिवसांत ३० युनिट वीज खर्च होते. म्हणजे एका वर्गापायी पंधरा किलोहून अधिक कोळसा!

कोणी म्हणेल, कारखाने एवढा धूर ओकत असता आमच्या एका बटणाने काय होणार? आक्षेप खोटा नाही. मोठ्यांची कामे मोठ्यांनीच केली पाहिजेत. पण जे बटण आपल्या हाताशी आहे, त्यासाठी त्यांची वाट कशाला पाहावी?

मी मुख्याध्यापक असताना एकदा प्रार्थनेहून परतलो, तो माझ्या खोलीतील पंखा बंद! मी जरा रागानेच विचारणा केली. सातवीतील एक मुलगी पुढे आली व म्हणाली, “गुरुजी, खोलीत कोणीच नव्हते.”

मला उत्तर सुचले नाही.