बाळ-बाळंतीण आत, बाप बाहेर

गेल्या श्रावणात मी आत्या झाले. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगण्याचा मान मला मिळाला. पाळण्याभोवती बायकांची ही गर्दी, पाळणे म्हणण्याची चढाओढ, घुगऱ्यांचे वाटप! आणि ज्याचे ते मूल, तो माझा दादा कोठे होता? अंगणात, खुर्च्या मोजीत. सासुरवाडीचा मांडव, तेथे जावई पाहुणा. आत ये असे त्याला कोणी म्हटले नाही, आणि आत जावे असे त्यालाही सुचले नाही.

आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपून माहेरी जाते. तेथे आई, मावशी, शेजारच्या काकू तिला सारे शिकवितात. आशाताई जन्मापासून ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन करतात. बाईच्या भोवती हे एवढे हात आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. पण याच चार-पाच महिन्यांत बापाला कोण काय शिकवितो?

वहिनी दोन महिन्यांनी आली. अडीच महिन्यांची लस दिली त्या रात्री बाळ तापाने फणफणले. लशीनंतर असा ताप येतो हे वहिनीला आशाताईंनी सांगितले होते. दादाला कोणीच काही सांगितले नव्हते. तो अनवाणी धावत शेजाऱ्याची गाडी मागायला गेला, आणि सगळे घर हसले. मीही हसले. त्यानंतर दादा पाळी संपली तरी घरी येईना. ओढ्याच्या पुलावर बसून राही. मी बोलवायला गेले तेव्हा म्हणाला, "अगं, मला काहीच येत नाही. विचारू तरी कुणाला? आबांना?" आबांनी आम्हा भावंडांना आजोबांसमोर कधी उचलूनही घेतले नव्हते. आमच्या घरात ती मर्यादाच होती!

हे केवळ दादाचे दुखणे नव्हे. २०१० साली अमेरिकेतील 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यास एकत्र करून लिहिलेला एक लेख आला. मुलाच्या जन्माच्या आगेमागे सुमारे १० टक्के बापांना नैराश्याने घेरलेले असते, असे त्यात दिसून आले. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अशा वेळी १५ दिवसांची रजा तरी मिळते. दादासारख्या कंत्राटी कामगाराला एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली.

म्हणून माझे म्हणणे असे की, नव्या बापांचे मंडळ गावोगाव असावे. हे ऐकून वहिनी म्हणाली, "टाके मला पडले, आणि मंडळ त्यांचं का?" तिला पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. पण पुलावर बसलेला नवरा तिच्या काय उपयोगाचा? आणि बाळाबरोबर नवऱ्यालाही तिनेच शिकवायचे का?

आपल्या आयाबायांनी बचतगट उभे केले. दहा ते वीस जणी, महिन्याचा ठरलेला वार, थोडी रक्कम. आणि पैशांच्या निमित्ताने मनातले बोलणे. पुरुषांना तर निमित्त अधिकच लागते. 'मन मोकळे करायला या' म्हटले तर एकही यायचा नाही. तेव्हा बायको माहेरी गेली की त्याच महिन्यात अशा चार-सहा जणांनी शाळेच्या ओट्यावर रविवारी बसावे. दोन मुलांचा एखादा अनुभवी बाप सोबत असावा. मान कशी सावरायची, लशीला कोणी न्यायचे, ताप आला तर काय करायचे, पाळी कोणाशी बदलायची, एवढे बोलले तरी पुष्कळ. अध्यक्ष नको, हारतुरे नकोत, आणि बाटली तर मुळीच नको! पुरुष असे बसत नाहीत हे खोटे आहे. मुंबईत 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज' ही संस्था १९९३ पासून पुरुषांशी पुरुषपणाविषयीच बोलते आहे. आमच्या गावात भजनी मंडळ रोज बसते.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो. यंदा एक संध्याकाळ या कामाला द्यावी, असे मी वर्गात सुचविले तेव्हा मागच्या बाकावरून हशा आला. दादाला हे सांगितले तर तो म्हणाला, "तू चौघं जमव, पाचवा मी येतो." हेही काम आत्यानेच करायचे! असो. तिघे मिळाले आहेत.