दुखणे खरे, पण उपाय केवळ सुईत नाही

कापूस वेचणी सुरू झाली की घाटंजी तालुक्यात कंबर, मान, गुडघे धरून येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढते. त्यात वेचणाऱ्या बायाच जास्त. मागणी ठरलेली : ‘डॉक्टरसाहेब, एक सुई लावून द्या.’ नव्या दुखण्यात तिचा उपयोग होतो. पण तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या, म्हणजे जुनाट वेदनेचे गणित वेगळे असते.

इजा भरून आली तरी मज्जासंस्था सावधच राहू शकते. मग साधी हालचालही मेंदूला धोक्याची वाटते. अपुरी झोप, कर्जाची चिंता, ‘मणका निकामी होईल’ ही भीती त्यात भर घालतात. म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. ते शरीर आणि मन दोन्हींचे असते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेची २०२० ची सुधारित व्याख्याही हेच सांगते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये, नेमके कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी व्यायाम आणि संज्ञानात्मक वर्तनोपचार सुचवले. पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेनसारखी औषधे सुरू करू नयेत, असेही म्हटले. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

या उपचारात भीती तपासली जाते, झोप सुधारली जाते, कामाचे टप्पे पाडले जातात. एक दिवस अंधार पडेपर्यंत वेचायचे आणि दोन दिवस अंथरुणाला खिळायचे, यापेक्षा ठरावीक वेळाने पाठ सरळ करून रोज थोडे काम करणे हिताचे.

आपल्याकडे समुपदेशन अजिबात नाही, असे नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात यवतमाळ जिल्हा आहे. २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा आहे. पण दोन्हींचा रोख मानसिक त्रासावर. आमचा रुग्ण ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. ‘कंबर दुखते’ म्हणतो आणि गोळ्या घेऊन घरी जातो. जुनाट वेदनेच्या प्रत्येक रुग्णाला झोपेबद्दल आणि चिंतेबद्दल विचारून समुपदेशकाकडे पाठवले, तर नवी इमारत न बांधताही बरेच साधेल.

मात्र पायातील शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटणे अशी लक्षणे असल्यास आधी रुग्णालय गाठावे.