जर्मनची बोट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. अकरावी-बारावीला तो आमच्याकडे मराठी शिकला, पुढे यंत्र अभियांत्रिकीकडे गेला आणि आता काही वर्षांपासून नेदरलँड्समध्ये नोकरी करतो. वय चाळिशीला टेकलेले. पत्रात कुशल विचारण्याआधीच त्याने शब्दांची एक यादी पाठविली होती. नौकेच्या पुढच्या टोकाला मराठीत काय म्हणतात? तळाच्या कण्याला काय? शीड ज्या आडव्या दांड्याला बांधतात त्याला? तळाशी जिथे पाझरलेले पाणी साचते त्या जागेला? यादीच्या शेवटी खुलासा होता. त्याने एक जुनी, सोळा मीटर लांबीची, ॲल्युमिनियमची शिडाची नौका विकत घेतली आहे. नौका गेल्या शतकातील आठव्या-नवव्या दशकातली असून काही वर्षे एका गोदीच्या आवारात नुसती उभी होती. शनिवार-रविवार काम करून सहा-सात वर्षांत ती पुन्हा समुद्रात जाण्याजोगी करायची असा त्याचा बेत आहे. कामाची दैनंदिनी त्याला मराठीत लिहायची आहे, म्हणून ही शब्दांची मागणी.

आम्ही दोघेही नागपूरचे. समुद्र इथून कोणत्याही दिशेने पाचशे किलोमीटरच्या आत सापडायचा नाही. नौका म्हणून आम्हांला ठाऊक असलेली वस्तू म्हणजे वैनगंगेवर ढिवर मंडळी चालवितात तो डोंगा. शीड, सुकाणू, नांगर, डोलकाठी एवढे शब्द कवितेमुळे येतात. पण कवितेतले शीड कुठल्या दोराने ओढतात हे कवितेने आम्हांला कधी सांगितले नाही आणि आम्हीही वर्गात कधी विचारले नाही. मोल्सवर्थचा कोश काढला, रत्नागिरीकडच्या एका सहाध्यापकाला फोन केला. नाळ, पठाण, परबाण असे शब्द हाती लागले. नाळ म्हणजे पुढचे टोक, पठाण म्हणजे तळाचा कणा, परबाण म्हणजे शिडाचा आडवा दांडा. पंचवीस वर्षे मराठी शिकविणाऱ्या दोघांना हे शब्द या वयात प्रथम भेटावेत, याची थोडी लाज वाटली. असो.

पत्रानंतर आठवडाभरात त्याची आई घरी आली. तिच्याकडची हकीकत निराळी होती. नागपुरात फ्लॅट घ्यायला म्हणून बाजूला ठेवलेले पैसे या नौकेत गेले होते. "सर, मॅडम, तुम्हीच सांगा न जी त्याले. माह्यं तर तो आयकतच नाही," असे म्हणून तिने मोबाइलवरचे छायाचित्र पुढे केले. रंग नसलेले, करडे, पोचे आलेले एक प्रचंड भांडे लाकडी टेकूंवर उभे होते. "एवढे पैसे घालून जर्मनची बोट घेतली त्यानं!"

जर्मन! आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचे पातेले म्हणतात हे आम्ही विसरूनच गेलो होतो. गरिबाघरची, हलकी, लवकर चेपणारी वस्तू. याच धातूवर संशोधन करणारे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र १९८९ पासून आपल्याच शहरात, अमरावती मार्गावर वाडीला आहे. आम्ही त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो असू. आत काय चालते याचे कुतूहल कधी वाटले नाही. आईच्या त्या एका शब्दामुळे ते वाटले आणि आम्ही थोडे वाचून काढले.

ॲल्युमिनियमचे वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. म्हणून पाण्यावरच्या भागाला रंग दिला नाही तरी चालते. जहाजासाठी वापरतात तो मिश्रधातू मॅग्नेशियम मिसळलेला असतो, समुद्राच्या पाण्यात तो दशकेच्या दशके टिकतो. पण त्याचा शत्रू म्हणजे दुसऱ्या धातूचा सहवास. खाऱ्या पाण्यात तांबे किंवा पोलाद त्याला चिकटून राहिले की विजेच्या घटासारखा व्यवहार सुरू होतो आणि झिजते ते ॲल्युमिनियम. तळाशी पडलेले तांब्याचे एखादे नाणेही कालांतराने पत्र्याला भोक पाडू शकते. म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. झीज त्यांनी आपल्या अंगावर घ्यायची, ते संपले की नवे लावायचे. आपल्या कल्हईवाल्याला ही गोष्ट चटकन कळली असती. तांब्या-पितळेच्या भांड्याला कथलाचा हात देत राहावा लागतो. एकदा देऊन काम संपत नाही.

अशा जुन्या नौकेत खरे संकट दिसत नाही तिथे असते. आतून उष्णतारोधक फोम मारलेला असतो, त्याच्या पाठीमागे ओल राहते. डेकवरच्या पोलादी खिळ्यांखाली पत्रा कुरतडला गेलेला असतो. आधीच्या मालकाने ओढलेल्या विजेच्या तारांतून गळणारा प्रवाह हळूहळू पत्रा खातो. जाडी मोजायला ध्वनिलहरींचे यंत्र असते, पण ते जिथे लावावे तिथलेच सांगते. बाकीचे उकलून पाहावे लागते.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. हा शुद्ध वेडेपणा आहे काय? आम्हां दोघांत प्रथम एकमत नव्हते. एकाचे म्हणणे, नव्या घराचे पैसे जुन्या पत्र्यात घालणे हे साहस नसून हट्ट आहे. दुसरीचे म्हणणे, माणसाने आयुष्यात एक तरी मोठी गोष्ट स्वतःच्या हातांनी समजून घ्यावी. वाद घालताना तीन नौका पुढे आल्या, आणि त्यांतल्या दोन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर घडलेल्या निघाल्या.

पहिली 'सुहेली'. मुंबईत कुलाब्याला १९६३-६४ च्या सुमारास स्थानिक कारागिरांनी सागवानात बांधलेली, जेमतेम बत्तीस फुटांची. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तेव्हा आगबोटीवरचा तरुण अधिकारी. १९६८ च्या एकट्याने विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीसाठी त्याला 'सुहेली' नको होती, मोठी, नवी, पोलादी नौका हवी होती. तिच्यासाठी पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून तो आहे त्या नौकेनिशी निघाला. अटलांटिकमध्ये तळाजवळच्या सांध्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा पाण्याखाली बुडी मारून त्याने फटीत कापूस ठासला. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तो परतला. नऊ स्पर्धकांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट आपला व्यवसाय आणि घर गहाण टाकून एका नव्या, पण अपुऱ्या तयारीच्या नौकेतून निघाला होता. परतीचे दोर कापले गेल्यामुळे त्याने खोटी स्थाने कळवायला सुरुवात केली. जुलै १९६९ मध्ये नौका रिकामी सापडली, तो सापडला नाही.

दुसरी 'म्हादेई'. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून नौदलाने सागर परिक्रमा योजली, तेव्हा नौका गोव्यात बांधून घेतली. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी लाकूड आणि फायबरग्लासची ती छप्पन फुटी नौका बांधली. अशी महासागरी शिडाची नौका त्यांनी त्याआधी बांधलेली नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली आणि कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात, चार थांबे घेऊन, तिच्यातून एकट्याने जग फिरून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी याच नौकेतून विनाथांबा फिरले. दोंद्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या 'द फर्स्ट इंडियन' या पुस्तकात नौका बांधण्याच्या दिवसांना भरपूर जागा आहे. आम्ही त्या वेळी वाचलेल्या मराठी लेखांत मात्र दिवस आणि सागरी मैल तेवढे होते, दांडेकरांना एखादे वाक्य.

तिसरी नौका आपली नव्हे, पण विद्यार्थ्याच्या नौकेची सख्खी बहीण शोभेल अशी. 'मेडन', ॲल्युमिनियमची, अठ्ठावन्न फुटी, १९७९ ची. ट्रेसी एडवर्ड्स या इंग्लिश तरुणीने आपले घर गहाण टाकून ती जुनी विकत घेतली आणि सोबतच्या स्त्रियांनी मिळून ती पुन्हा उभी केली. १९८९-९० च्या व्हिटब्रेड शर्यतीत, सर्व स्त्रियाच असलेल्या या पहिल्या चमूने आपल्या गटात दुसरा क्रमांक मिळविला. पुढे नौका विकावी लागली. २०१४ मध्ये ती सेशेल्समध्ये बेवारशी, कुजत पडल्याचे एडवर्ड्सना कळले. पैसे जमवून २०१७ मध्ये ती इंग्लंडला आणली आणि तिची दुसऱ्यांदा डागडुजी झाली. २०२४ मध्ये, म्हणजे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, 'मेडन'ने ओशन ग्लोब शर्यत हँडिकॅप गुणांवर जिंकली. या वेळच्या चमूत 'तारिणी'वरून २०१७-१८ ची परिक्रमा करून आलेल्या आपल्या पायल गुप्ता होत्या.

आई हे सगळे शांतपणे ऐकत होती. "त्यायच्या बोटी त्यायनं पार लावल्या जी. पण ज्यायच्या कुजून गेल्या, त्यायचं कोन लिवते?" एवढेच ती म्हणाली. या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पार झालेल्या नौकांचीच चरित्रे होतात. गोदीच्या आवारात मालकाच्या वयाबरोबर म्हाताऱ्या होणाऱ्या नौका कितीतरी असतील, त्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही.

म्हणून आमचे मत तिच्या बाजूने आधी सांगतो. आकाराचा मोह हा या व्यवहारातला खरा धोका आहे. 'सुहेली'पेक्षा ही नौका लांबीने दीडपटीहून थोडीच जास्त; पण लांबी, रुंदी, उंची एकाच प्रमाणात वाढली की पोट चौपटीहून मोठे होते. शीड, दोर, नांगर, गोदीचे भाडे, सगळे त्या पोटाच्या मापाने वाढते. मोठी जुनी नौका स्वस्त मिळते याचे कारणच हे की ती पोसणे आधीच्या मालकाला झेपलेले नसते. खरेदीची किंमत हा पहिला हप्ता असतो. एडवर्ड्सने घर गहाण टाकले ते फळले, क्रोहर्स्टने टाकले त्यात त्याचा जीव गेला. यांतून गहाणखताचा कुठला नियम काढता येत नाही. आम्ही विद्यार्थ्याला स्पष्ट लिहिले: उरलेल्या पैशाला हात लावू नकोस, कर्ज काढू नकोस, आणि निघण्याची तारीख कोणालाही, स्वतःलाही, सांगू नकोस.

पण त्याच पत्रात आम्ही त्याची बाजूही घेतली, आणि ती साहित्याच्या अध्यापकांनी घ्यावी असे आम्हांला वाटते. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर तीन शतके त्या ग्रंथाची हस्तलिखिते होत आली होती. पाठ बिघडले होते, कोणाकोणाच्या ओव्या आत शिरल्या होत्या. स्वतः समर्थ कवी असलेल्या माणसाने तिथे आपले काही घालायचे नाही आणि पुढच्यांनीही घालू नये, हा निर्बंध पाळला. आपण नाथांना भागवतासाठी आणि भारुडांसाठी शिकवितो. शुद्धीकरणाचा उल्लेख टीपेत येतो, परीक्षेत एका गुणाला विचारला जातो. वास्तविक दुसऱ्याने घडविलेली वस्तू उकलून, मूळचे कोणते आणि मागाहून चिकटलेले कोणते हे ओळखीत बसणे ही वाचनाची फार कठीण तऱ्हा आहे. आमचा विद्यार्थी फोमच्या पाठीमागे हेच करतो आहे. कोणती तार मूळची, कोणती मागच्या मालकाने घुसडलेली. कोणता सांधा गोदीतल्या कसबी माणसाने जोडलेला, कोणता कोणी घाईत चिकटविलेला. आपणही त्यात काही तरी भर घालावी, एखादी खोली वाढवावी, हा मोहही त्याला नाथांच्या काळातल्या प्रत उतरविणाऱ्यांइतकाच होणार.

दुरुस्तीचे गद्य मराठीत फार थोडे आहे. प्रवासवर्णने आहेत, विक्रमांच्या कथा आहेत. हाताखालची वस्तू वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याने त्या सांभाळण्याविषयी लिहिलेले आमच्या वाचनात विरळा. नाखवे आणि सुतार लिहीत नव्हते आणि लिहिणारे आम्ही गोदीत गेलो नाही, त्यामुळे शब्दही कोशात पडून राहिले. फ्लॅट बुडाला याची भरपाई दैनंदिनीने होणार नाही, हे आईला आम्ही खोटे न बोलता सांगितले. तिने चहा घेतला, छायाचित्र पुन्हा एकदा पाहिले आणि विचारले, "आत झोपायले जागा तरी आहे का त्यात?" आहे, म्हटले, सहा-सात जणांना. "मंग घरच झालं म्हणा न," असे म्हणून ती उठली. तिची समजूत पटली असे मात्र आम्हांला वाटले नाही.

दैनंदिनीची पहिली दहा पाने महिन्यापूर्वी आली. तीन महिन्यांत त्याने फक्त काढले आहे, लावले काहीच नाही. काढलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि नाव. 'परबाण' त्याने लगेच उचलला. 'पठाण' वाचून त्याचे डच शेजारी काही हसणार नाहीत, पण आपल्याला अजून हसू येते, असे लिहिले आहे. सुकाणूजवळच्या पत्र्यावर रुपयाएवढे तीन खड्डे निघाले, ते वितळजोड करून भरायचे की तेवढा पत्राच कापून बदलायचा हे ठरायचे आहे. तळाशी पाणी साचते त्या जागेच्या शब्दापुढे त्याने अजून रेघ ओढून ठेवली आहे. तो शब्द आम्हांला मिळालेला नाही. मालवण, हर्णे किंवा वसईकडच्या कोणा वाचकाच्या घरी तो बोलला जात असेल तर कृपया कळवावा.