गादी, गोल्फ आणि मैत्री

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा धान्याच्या भावांवर किंवा बाजार समितीच्या अडचणींवर आम्ही काही लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु चाळीस वर्षे ज्वारी, तांदूळ आणि हरभरा यांच्या थप्प्यांत काढल्यानंतर आज आम्हांस एका लहानशा पांढऱ्या चेंडूविषयी लिहावेसे वाटते. सुज्ञ वाचक क्षमा करतील.

बेळगावात जाधवनगराच्या बाजूस गोल्फचे विस्तीर्ण मैदान आहे. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात तेथे बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी शिवमोग्याकडील सक्रेबैलू तळावरून हत्ती आणावे लागले. तेव्हा हे मैदान साऱ्या गावाच्या तोंडी झाले. आम्ही मात्र त्या दिवसांत तिकडे फिरकलोच नव्हतो. चातुर्मासात गवतातील जीवजंतूंवर पाय पडू नये म्हणून आम्ही खेळ बंद ठेवतो. सोबती थट्टेने म्हणतात की, व्रताने जीवांस राखले आणि बिबट्यापासून तुम्हांसही राखले!

या खेळाची गोडी आम्हांस लागली ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. आमच्या दुकानातून घरचा तांदूळ नेणारे एक निवृत्त लष्करी अधिकारी आम्हांस आणि आमच्या निपाणीच्या एका व्यापारी मित्रास पाहुणे म्हणून घेऊन गेले. खेळ साहेबी खरा. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्यास १८२९ साली स्थापन झाला. परंतु त्याचे नियम पाहिले तेव्हा आम्हांस वाटले की, हा तर आपल्या पेढीवरचाच खेळ. अठरा खळगे, आणि प्रत्येकात कमीत कमी फटक्यांत चेंडू घालावयाचा. पंच बरोबर नसतो. आपले फटके आपणच मोजावयाचे आणि सोबत्यास सांगावयाचे. म्हणजे वही आपली, लेखणी आपली आणि साक्षही आपलीच. शिवाय दुबळ्या खेळाडूस हँडिकॅप म्हणून ठरावीक फटक्यांची सूट मिळते. त्यामुळे साठीचा अडतदार आणि तिशीचा जवान बरोबरीने खेळू शकतात.

तीन वर्षांपूर्वी दीपावलीच्या वहीपूजनास नवी वही आम्ही चिरंजिवांच्या हाती दिली आणि गादीवरून उतरलो. त्यानंतर जे घडले ते आमच्या वयाच्या बंधूंनी जाणून ठेवावे. दिवसातून पन्नास वेळा वाजणारा फोन दोन महिन्यांत जवळजवळ मुका झाला. ज्यांस आम्ही मित्र समजत होतो, त्यांपैकी बहुतेक आमच्या दुकानाचे मित्र होते. त्यांचा दोष नाही. आम्हीही त्यांस भावाखेरीज दुसरे कधी काय विचारले होते? निपाणीचे मित्र मात्र सुमारे ७५ किलोमीटरांची वाट करून रविवारी पहाटे येतच राहिले.

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. गवतात पडलेल्या चेंडूपाशी फटक्यासाठी उभे राहताना आमचा पाय लागून तो बोटभर सरकला. नियमाप्रमाणे चेंडू जागेवर ठेवून एक फटका दंड घ्यावयाचा. चेंडू आम्ही जागेवर ठेवला; दंड मात्र सांगितला नाही. त्या दिवशी आम्ही एका फटक्याने जिंकलो. पैज होती एका कप चहाची. ज्याने चाळीस वर्षे आपल्या काट्याची प्रौढी मिरवली, तो एका चहासाठी घसरला!

पुढच्या रविवारी आम्ही ते कबूल केले. मित्र हसून म्हणाले, “अण्णा, चेंडू हलताना मी पाहिला होता. तुम्ही केव्हा सांगता, एवढेच पाहत होतो. आठ दिवस लागले.” मग क्षणभर थांबून म्हणाले, “ज्वारीच्या त्या गाडीचे अजून राहिले आहे.” पंधरा वर्षांपूर्वी त्यांस पाठविलेल्या एका गाडीत वजनाची तूट आली होती. तूट आमच्या गोदामातली होती. ते आम्हांस ठाऊक होते, पण गादीवर असता आम्ही ते मान्य केले नाही. एकदा मान्य केले की प्रत्येक गाडीस तूट निघेल, असा हिशेब केला. त्यांनी नुकसान सोसले आणि संबंधही राखला. त्या सकाळी हिरवळीवर उभे राहून आम्ही ती तूट कबूल केली. पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. चहा मात्र घेतला.

बॉबी जोन्स नावाचा अमेरिकन वकील जन्मभर हौशी खेळाडूच राहिला. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत आपला चेंडू किंचित हलला, असे त्याने स्वतःहून सांगितले आणि एक फटका दंड घेतला. पुढे सामना बरोबरीत सुटला आणि फेरलढतीत तो हरला. तोच जोन्स १९३० साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकून अवघ्या २८ व्या वर्षी स्पर्धांतून निवृत्त झाला. चूक वेळेवर सांगणे आणि जागा वेळेवर सोडणे ही दोन्ही त्यास साधली. आम्हांस पहिलीस पंधरा वर्षे लागली.

आपल्या व्यापारी समाजात निवृत्तीचे वय नाही. गादी सोडली की माणूस संपला, अशी भीती आहे. परिग्रहाचे परिमाण आपण धनास आणि जमिनीस लावतो. ते अधिकारासही लावावे, असे आमचे नम्र मत आहे. हातपाय धड असतानाच एक दीपावली ठरवावी आणि त्या दिवशी वही खरोखरीच पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. तत्पूर्वी, ज्यात नफा नाही असा एखादा खेळ वा छंद जोडावा. गोल्फच हवे असे नाही. पहाटेचे फिरणे वा बुद्धिबळाचा पटही चालेल. मात्र सोबत एखादा असा मित्र असावा की, जो आपली चूक पाहतो आणि आपण ती सांगेपर्यंत थांबतो.

जुनी येणी चिरंजीव वसूल करतील. काही देणी मात्र आपणच फेडावयाची असतात, आणि त्यांसाठी गादीवरून उतरून थोडे चालावे लागते.