चढणीचा मासा यंदा वर जाऊ द्या

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, पऱ्याला तांबडं पाणी आलं, की कोकणात निम्मा गाव बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतो. नदीतला मासा त्या रात्री पाण्याच्या उलट अंगाने ओढ्यात शिरतो आणि ओढ्यातून थेट भातखाचरांपर्यंत चढतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात याला चढणीचा मासा म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वळगणीचा. मळये, खवळ, शिंगटी, वाम, जे हाती लागेल ते घरी येतं. हल्ली मुंबईचे चाकरमानीही खास यासाठी रजा टाकून येतात आणि वर व्हिडिओ टाकतात. माझं मागणं एवढंच आहे: पहिल्या पुराचे आठ-दहा दिवस हा मासा अडवू नका.

तो हौसेने चढत नाही. मादीचं पोट गाभोळीने तटतटलेलं असतं. भर नदीत अंडी घातली तर ती वाहून जातात, नाहीतर मोठे मासे खातात. म्हणून तिला हवं असतं वीतभर खोल, संथ, गवताळ पाणी, म्हणजे आपलीच खाचरं आणि पऱ्याच्या कडेची डबकी. तिथे पिल्लांना शेवाळ मिळतं, किडे मिळतात, डासांच्या अळ्या मिळतात. पाणी उतरायला लागलं की ती बोटभर झालेली पिल्लं नदीला परत जातात. एका मोठ्या मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. गाभोळी तव्यावर उत्तम लागते, यात वाद नाही. पण ती खाल्ली तर पुढच्या वर्षी चढायला उरणार काय?

‘आमचे आजे-पणजे धरायचेच की’, असं कोणी म्हणेल. धरायचे, पण कंदिलाच्या उजेडात, हातात पाग किंवा कोयती घेऊन. निम्म्याहून जास्त मासे निसटायचे. आता बारीक आसाचं नायलॉनचं जाळं या काठापासून त्या काठापर्यंत बांधतात. त्यातून चिंगळीसुद्धा सुटत नाही. बंधाऱ्याच्या फळ्या पावसाआधी काढायच्या राहिल्या असतील तर आणखी सोपं: वर जायला वाट नसलेले मासे भिंतीखाली गोळा होतात आणि लोक ते घमेल्याने भरतात. समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, कारण तोही विणीचाच काळ. नदीकाठी मात्र नेमक्या त्याच दिवसांत जत्रा भरते.

याहून वाईट प्रकार उन्हाळ्यात होतो. एप्रिल-मे महिन्यांत नदी म्हणजे फक्त डोह. जूनमध्ये चढणारा सगळा मासा तेव्हा त्या दोन-चार डोहांत दाटीवाटीने तग धरून असतो. तिथे कोणीतरी रात्री ब्लीचिंग पावडर ओततं. कल्ले भाजले की मासे वर येऊन तोंड उघडमीट करत राहतात. मोठे असतील ते टोपलीत जातात. बाकी पिल्लं, झिंगे, मुठे, बेडकांची पोरं सकाळी पांढरी होऊन तरंगत असतात. अनेक गावांत नळपाणी योजनेची विहीरही याच डोहाच्या काठी असते, हे ओतणाऱ्याच्या ध्यानात येत नसावं. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

राखायचं ठरवलं तर गावाला जमतं. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या महसीर माशांना वरदायिनी देवीच्या नावाने अभय आहे. लोक त्यांना चुरमुरे-फुटाणे घालतात, गळ कोणी टाकत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठच्या तिळसेश्वरालाही तसंच. अर्थात देवीची हद्द कोंडीपुरती. तिथून खाली उतरलेला मासा सापडला की संपला. जे देवाच्या भीतीने एका डोहात होतं ते ग्रामसभेच्या ठरावाने सगळ्या पऱ्यावर करून पाहायला काय हरकत आहे? मे महिन्याच्या ग्रामसभेत दोनच गोष्टी मांडा. गावातला सर्वांत खोल डोह बारमाही राखीव ठेवायचा आणि चढणीच्या दिवसांत जाळं लावायचंच असेल तर निम्मं पात्र मोकळं सोडायचं. चार घरं कुरकुर करतील. त्यांना सांगा, पोट मोकळं झालेला मासा नंतर हवा तेवढा गळाने धरा.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. तणनाशकाचा पंप पऱ्यात धुऊ नका. घरच्या काचेच्या पेटीतला सकर मासा कंटाळा आला म्हणून नदीत सोडू नका. तो इथे वाढतो आणि मग निघत नाही. खेकड्यांसाठी दगड उलटलात तर परत होता तसा ठेवा.

आणि कुठे तारेवर आकडा टाकून किंवा इन्व्हर्टर लावून पाण्यात करंट सोडलेला दिसला, तर भांडायला म्हणून पाण्यात उतरू नका. अशाने माणसं गेली आहेत. काठावरूनच ११२ ला फोन करा, महावितरणच्या वायरमनला सांगून लाइन बंद करून घ्या, आणि ती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पोरांना नि गुरांना पाण्यापासून लांब ठेवा.